न्यायालयातला कनिष्ठ लिपिक: अर्ज भरण्यापासून चार्ज देण्यापर्यंत

डिसेंबर 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या जिल्हा न्यायालयांसाठी एकत्रित भरती काढली. जागा होत्या 4,629: लघुलेखक श्रेणी 3 च्या 568, कनिष्ठ लिपिकाच्या 2,795 आणि शिपाई-हमालाच्या 1,266. अशी जाहिरात आली की अभ्यासिकांमध्ये कटऑफची चर्चा रंगते. निवड झाल्यावर टेबलावर बसून नेमकं काय करायचं, हे सांगणारं मात्र क्वचितच कुणी भेटतं. मग रुजू झाल्याच्या दिवशी एखादे वकील विचारतात, “नि. 5 वर समोरच्यांचं म्हणणं आलं का?” आणि नवा लिपिक शेजारच्या टेबलाकडे बघत राहतो. (नि. म्हणजे निशाणी, फाइलमधल्या कागदाला दिलेला क्रमांक.)

हा लेख त्या लिपिकासाठी आहे. लघुलेखक आणि बेलीफ यांची कामं वेगळी, ती इथे घेतलेली नाहीत. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. या नोकरीत सर्वात जास्त वजन तारखेच्या नोंदीला आहे. कुणाचं अपील मुदतीत बसेल, कुणाला जामिनाचा हक्क मिळेल, कुणाविरुद्ध एकतर्फी हुकूम होईल, हे अनेकदा लिपिकाने त्या दिवशी कागदावर काय लिहिलं यावर ठरतं. न्यायाधीश समोर आलेल्या कागदावरूनच निर्णय देतात, आणि तो कागद आपण तयार केलेला असतो.

भरतीची तयारी

कनिष्ठ लिपिकासाठी पदवी लागते. कायद्याच्या पदवीधरांना प्राधान्य असतं, पण ती पदवी सक्तीची नाही. इंग्रजी टायपिंग 40 आणि मराठी 30 शब्द प्रति मिनिट या वेगाचं शासकीय प्रमाणपत्र आणि एमएस-सीआयटी किंवा तत्सम संगणक प्रमाणपत्र लागतं. निवड तीन टप्प्यांत होते: चाळणी परीक्षा, टंकलेखन चाचणी, मुलाखत. सातव्या वेतन आयोगात या पदाची वेतनश्रेणी एस-6, म्हणजे 19,900 ते 63,200 रुपये, त्यावर महागाई भत्ता आणि इतर भत्ते. वय, आरक्षण, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र या अटी त्या-त्या जाहिरातीतूनच वाचा. टेलिग्रामवर फिरणाऱ्या सारांशावर विसंबू नका.

उमेदवार सर्वात जास्त गळतात ते टायपिंगमध्ये. प्रमाणपत्र हातात असतं, पण ते मिळून तीन वर्षं झालेली असतात आणि बोटं विसरलेली असतात. चाळणीचा निकाल लागल्यावर सराव सुरू केला तर उशीर होतो. अर्ज भरला त्या दिवसापासून रोज अर्धा तास मराठी टाइप करा. मजकूर वर्तमानपत्रातला नको. एखादा मराठी न्यायनिर्णय घ्या. उच्च न्यायालयाखालच्या न्यायालयांत मराठीच्या वापराबाबत राज्य शासनाची अधिसूचना 1998 ची आहे, आणि जिल्हा व तालुका न्यायालयांतले अनेक निकाल मराठीत मिळतात. ‘उपरोक्त’, ‘सरतपास’, ‘शाबीत’, ‘दावा मिळकत’ हे शब्द बोटांत बसले की पुढे नोकरीतही सोपं जातं.

मुलाखतीत आपल्या जिल्ह्यातल्या न्यायालयांची रचना विचारली जाऊ शकते. तालुक्याला दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, तेच बहुधा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारीही असतात. त्यांच्यावर वरिष्ठ स्तर आणि मुख्य न्यायदंडाधिकारी. त्यावर जिल्हा व सत्र न्यायालय. एवढं नीट सांगता आलं पाहिजे.

रुजू झाल्यावरचे पहिले आठवडे

आस्थापना विभाग तुम्हाला एखाद्या विभागात बसवेल. दर काही काळाने टेबल बदलतं आणि जिल्ह्यातल्या तालुक्याच्या न्यायालयात बदलीही होते, त्यामुळे पहिल्या नेमणुकीवरून आनंद किंवा दुःख करू नका. पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी पाठ करा.

पहिली, प्रकरणांची संक्षिप्त नावं. रे.मु.नं. म्हणजे नियमित दिवाणी दावा, स्पे.मु.नं. म्हणजे विशेष दिवाणी दावा. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची ती दरखास्त. फौजदारीत आरसीसी म्हणजे नियमित फौजदारी खटला आणि एससीसी म्हणजे संक्षिप्त (समरी) फौजदारी खटला. मोटार अपघाताच्या भरपाईचा अर्ज तो एमएसीपी. एकाच नंबरचे तीन वेगळे खटले एकाच वर्षात असू शकतात, त्यामुळे नुसता नंबर सांगून फाइल मागणाऱ्याला प्रकार विचारल्याशिवाय उठू नका.

दुसरी, सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक. हा 16 अक्षरांचा असतो: राज्याची दोन, जिल्ह्याची दोन, न्यायालय आस्थापनेचे दोन अंक, मग सहा अंकी क्रमांक आणि शेवटी वर्षाचे चार अंक. ई-कोर्ट्‌सच्या सीआयएस या खटल्यांची माहिती ठेवणाऱ्या संगणक प्रणालीत सगळं याच क्रमांकावर चालतं, आणि पक्षकारही मोबाइलवर यावरूनच पुढची तारीख पाहतो. तुम्ही सीआयएसमध्ये चुकीची तारीख टाकली तर चंदगडहून किंवा मोखाड्याहून मजुरी बुडवून आलेला माणूस चुकीच्या दिवशी दारात उभा राहतो.

तिसरी, उच्च न्यायालयाने काढलेली सिव्हिल मॅन्युअल आणि क्रिमिनल मॅन्युअल ही पुस्तकं. “इथे असंच करतात” हे उत्तर तुम्हाला रोज ऐकू येईल. ते बहुतेक वेळा बरोबरही असतं. तरी घरी जाऊन मॅन्युअलमधलं ते प्रकरण वाचा. पुढे तपासणी लागली की “असंच करतात” हे उत्तर चालत नाही.

फौजदारी विभागात असाल तर आणखी एक गोष्ट. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या, पण त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले भारतीय दंड संहितेच्या कलमांनीच चालू आहेत. त्यामुळे एकाच बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीत, दोन्ही कायद्यांची कलमं दिसतात. जुन्या-नव्या कलमांचा तक्ता टेबलाच्या काचेखाली ठेवा आणि सीआयएसमध्ये कलम भरताना आधी गुन्ह्याची तारीख बघा.

दाखल विभाग

दावा दाखल करून घेताना लिपिक तपासणी करतो, निर्णय देत नाही. त्रुटी दिसली तर ती लिहून पुढे ठेवायची. दावा परत करायचा की फेटाळायचा, हे न्यायाधीशांचं काम.

तपासणीचा क्रम मी असा ठेवीन. आधी न्यायालयाचं नाव आणि पक्षकारांची नावं-पत्ते. मग दाव्याचं मूल्यांकन आणि त्यावरची कोर्ट फी. मग शेवटचं पान: सत्यापन, सही, प्रतिज्ञापत्र. मग वकीलपत्र आणि त्यावरचं अधिवक्ता कल्याण निधीचं तिकीट. शेवटी कागदपत्रांची यादी, जोडलेल्या कागदांशी एकेक टिकमार्क करत, आणि प्रतिवादी जितके तितक्या प्रती. यादीत ‘मूळ’ लिहिलंय आणि जोडलीय झेरॉक्स, असं रोज घडतं. ते त्याच वेळी पकडा आणि तिथेच ‘झेरॉक्स’ अशी नोंद करून घ्या. चार वर्षांनी मूळ खरेदीखत कुठे गेलं असा प्रश्न उभा राहिला की वकील बदललेले असतात आणि उत्तर टेबलाला द्यावं लागतं.

कोर्ट फी तपासताना एक गोष्ट आठवणीने करा. महाराष्ट्रात मालमत्तेचे वाद, पोटगी, घटस्फोट, हिंसाचार अशा प्रकरणांत महिला पक्षकारांना 1994 च्या शासन अधिसूचनेने कोर्ट फी माफ आहे. एकटी आलेली बाई तिकिटांसाठी पैसे मोजताना दिसली तर ही माहिती तिला आपण होऊन द्या. ती तिच्या हक्काची आहे.

आणि कॅव्हेट, म्हणजे ‘मला ऐकल्याशिवाय हुकूम करू नका’ असं आधीच देऊन ठेवलेलं निवेदन. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 148अ खाली दाखल झालेलं कॅव्हेट 90 दिवस चालतं. मनाईचा अर्ज आला, तोच तो नि. 5, की कॅव्हेटचं रजिस्टर उघडल्याशिवाय फाइल पुढे पाठवायची नाही. मनाईचा अर्ज बहुधा तातडीचा म्हणूनच येतो, वकील घाईत असतात, साडेदहा वाजून गेलेले असतात, आणि रजिस्टर बघायचं नेमकं तेव्हाच राहतं. मग कॅव्हेट टाकून निर्धास्त बसलेल्या माणसाविरुद्ध त्याला न ऐकता हुकूम होतो. नावाच्या स्पेलिंगमुळे संगणकावर कॅव्हेट सापडत नाही असंही होतं, म्हणून गावाचं नाव आणि गट नंबर टाकूनही शोधा.

कोर्ट हॉल आणि रोजनामा

अकरा वाजता पुकारा सुरू होतो. त्याआधी बोर्डावरच्या सगळ्या फायली क्रमाने लावलेल्या हव्यात आणि प्रत्येक फाइलमध्ये आजचा टप्पा उघडलेला हवा. हे आदल्या संध्याकाळी करायचं. सकाळी सव्वादहाला करायला गेलात तर एखादी फाइल नक्की सापडणार नाही.

रोजनामा, म्हणजे त्या तारखेला प्रकरणात काय घडलं याची नोंद, हे या नोकरीतलं सर्वात महत्त्वाचं लेखन आहे, म्हणून इथे जरा थांबतो. एका तारखेचा चांगला रोजनामा साधारण असा दिसतो:

‘वादी व वादीचे वकील हजर. प्रतिवादी क्र. 1 वकिलांसह हजर. प्रतिवादी क्र. 2 चे समन्स दि. 4 रोजी बजावून परत, नि. 14, पुकारा केला असता गैरहजर. प्रतिवादी क्र. 1 तर्फे मुदतीचा अर्ज, नि. 15. वादीचे म्हणणे घेतले. अर्ज मंजूर, खर्च रु. 300. पुढील तारीख कैफियतीसाठी.’

यात कोण हजर, कोण नाही, कुठला कागद कुठल्या निशाणीवर आला, हुकूम काय झाला आणि पुढची तारीख कशासाठी, एवढंच आहे. विशेषणं नाहीत, अंदाज नाहीत. ‘प्रतिवादी वेळकाढूपणा करत आहे’ असं वकील बोलले तरी ते रोजनाम्यात येत नाही. ‘समन्स दि. 4 रोजी बजावून परत’ या शब्दांकडे पुन्हा बघा. कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, देण्याची 30 दिवसांची मुदत, आणि ती वाढवून जास्तीत जास्त 90 दिवस, ही समन्स बजावल्याच्या तारखेपासून मोजतात. ‘समन्स बजावले’ एवढंच लिहून ठेवलं तर पुढे प्रत्येक जण बेलीफाचा अहवाल शोधत बसतो.

रोजनामा प्रकरण पुकारलं जात असतानाच लिहा. दुपारी जेवणानंतर आठवून लिहिलेल्या रोजनाम्यात हजेरीची चूक हमखास होते. खाडाखोड झाली तर एक आडवी रेघ मारा, जुना शब्द वाचता येईल असा ठेवा, बाजूला सही करा. व्हाइटनर टेबलावर ठेवूच नका. आणि कुणीही, कितीही जवळचा, “साहेब, तेवढी आमची हजेरी टाका ना, खालीच होतो” म्हणाला तर नम्रपणे सांगा की पुकारा झाला तेव्हा नव्हतात. काय सांगायचं ते न्यायाधीशांसमोर अर्ज देऊन सांगा. एकदा सवलत दिली की उद्या दारात रांग लागते, आणि समोरच्या पक्षकाराचा तुमच्या नोंदीवरचा विश्वास उडतो.

संध्याकाळी उठण्यापूर्वी बोर्डावरच्या प्रत्येक प्रकरणाची पुढची तारीख आणि टप्पा सीआयएसमध्ये भरलेला हवा. फाइलवरची तारीख आणि संगणकावरची तारीख शेजारी ठेवून ताडून बघा. एकाच बैठकीत शंभर तारखा भरताना 12 चा 21 सहज होतो.

लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांत, विशेषतः पोक्सोच्या, पीडितेचं नाव बोर्डावर, पुकाऱ्यात किंवा संकेतस्थळावर चढवलेल्या आदेशात येता कामा नये. आई-वडिलांचं नाव, शाळा, वाडी, ज्यावरून ओळख पटेल असं काहीही नको. शिपायालाही हे समजावून सांगा, कारण पुकारा तो करतो.

दोषारोपपत्र, जामीन आणि मुद्देमाल

आरोपी कोठडीत असेल तर तपास यंत्रणेला ठरलेल्या मुदतीत दोषारोपपत्र द्यावं लागतं: गुन्ह्याच्या शिक्षेनुसार 60 किंवा 90 दिवस. ती मुदत उलटली तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. पहिल्या रिमांडचा दिवस धरूनच मोजणी करायची, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये स्पष्ट केलं. आपण मोजणीचा निर्णय देत नाही, पण दोषारोपपत्र कधी आलं हे मात्र आपणच लिहितो. साठाव्या दिवशी संध्याकाळी पोलीस कर्मचारी गठ्ठा घेऊन येतो, किंवा एकसष्टाव्या दिवशी येऊन “कालची तारीख टाका” म्हणतो. तारखेसोबत वेळ लिहा, आणणाऱ्याचं नाव आणि बक्कल नंबर लिहा, आणि जो दिवस आहे तोच लिहा. जामिनाचा अर्ज त्याच दिवशी आला असेल तर त्यावरही वेळ टाका. मागची तारीख टाकणं म्हणजे एका माणसाचं स्वातंत्र्य पेनाच्या टोकाने काढून घेणं आहे. त्याने काय गुन्हा केला असेल याचा विचार त्या क्षणी लिपिकाने करायचा नसतो.

जामीन मंजूर झाल्यावर घाई खरी सुरू होते. जामीनदाराचा सातबारा किंवा घरपट्टीची पावती, ओळखपत्र, पत्ता तपासा; जामीनदारांच्या रजिस्टरमध्ये हाच माणूस आधी कुणाला जामीन राहिलाय का ते बघा. रोख जामीन असेल तर पैसे नाझर विभागात, पावतीवर. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंग अधीक्षकांमार्फत बंद्याला पाठवावी, असे सर्वोच्च न्यायालयाचे जानेवारी 2023 चे निर्देश आहेत. शुक्रवारी संध्याकाळी हे राहिलं तर माणूस सोमवारपर्यंत आत राहतो. बाकी कुठलंही काम बाजूला ठेवून हे करा.

मुद्देमाल घेताना पोलिसांच्या यादीवर डोळे झाकून सही करू नका. पाकीट उघडं आहे की सीलबंद, सील शाबूत आहे का, लेबलवरचा गुन्हा क्रमांक जुळतो का, हे बघा. दागिना आला तर रजिस्टरमध्ये ‘सोन्याची अंगठी’ लिहायचं नाही. ‘पिवळ्या धातूची अंगठी, वजन अमुक’ असं लिहायचं. ती सोन्याची आहे हे आपण तपासलेलं नाही. उद्या परत करताना ती पितळेची निघाली तर तुमचीच नोंद तुमच्यावर उलटते. रोख रकमेत नोटांची संख्या आणि मूल्य वेगवेगळं लिहा. मुद्देमाल परत देताना आदेशाची प्रत, ताबापावती आणि घेणाऱ्याची ओळख, तिन्ही एकत्र फाइलला लावा.

नक्कल विभाग

या टेबलाला लोक दुय्यम समजतात. मला ते पटत नाही. मुदत कायद्याच्या कलम 12 प्रमाणे प्रमाणित नक्कल मिळायला लागलेला काळ अपिलाच्या मुदतीतून वगळला जातो, आणि तो किती हे नकलेच्या मागे तुम्ही लिहिलेल्या तारखांवरून ठरतं.

उदाहरण घ्या. निकाल 3 मार्चला लागला. जिल्हा न्यायालयात अपिलाला 30 दिवस, म्हणजे 2 एप्रिल. पक्षकाराने 10 मार्चला नकलेचा अर्ज दिला आणि नक्कल 24 मार्चला तयार झाली. हे 15 दिवस वगळले की मुदत 17 एप्रिलपर्यंत जाते. नक्कल 24 ला तयार झाली असताना जुन्या ड्राफ्टवरची 20 तारीख तशीच राहिली तर त्या माणसाचे चार दिवस गेले, आणि त्याला विलंब माफीचा अर्ज करत फिरावं लागतं. अर्जाची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख, दिल्याची तारीख: प्रत्येक तारीख ज्या दिवसाची त्या दिवशीच लिहा. नक्कल तयार झाल्याची यादी फलकावर रोज लावा. शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची प्रत विनामूल्य आणि लगेच द्यायची असते, त्याला अर्जाच्या रांगेत उभं करू नका.

नक्कल मूळ कागदाशी ताडताना दोघांनी बसावं. एकाने वाचावं, दुसऱ्याने बघावं. एकट्याने ताडलं तर डोळा स्वतःचीच चूक बरोबर वाचतो.

समोर उभा असलेला माणूस

पक्षकार तुमच्याकडे येतो तेव्हा बहुतेकदा त्याला न्यायालयाची भीती वाटत असते. तारीख कधी, फाइल कुठल्या टप्प्यावर आहे, कुठला अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा, फी किती, नक्कल किती दिवसांत मिळते, हे सगळं सांगायला काहीच हरकत नाही. ते नीट, बसवून, त्याच्या बोलीत सांगा. पुढची तारीख चिठ्ठीवर लिहून द्या.

पण “दावा टिकेल का?”, “कुठला वकील करू?”, “कैफियतीत काय लिहू?” या प्रश्नांना उत्तर देऊ नका. तुमचं एक वाक्य तो “कोर्टातल्या साहेबांनी सांगितलं” म्हणून घेऊन जातो आणि त्यावर जमिनीचा व्यवहार करून बसतो. मग त्याला नुसतं परत पाठवायचं का? नाही. तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बहुधा त्याच आवारात असतं. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे, अपंग आणि कोठडीतल्या व्यक्तींना विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 खाली विनामूल्य वकील मिळतो. “मला सांगता येणार नाही” म्हणून थांबू नका. दार दाखवा, शक्य असेल तर शिपाई सोबत द्या.

चहापाण्याच्या नावाखाली काही घेणं हा गुन्हाच आहे, पन्नास रुपये असले तरी. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक बाहेरच्या फलकावर लिहिलेला असतो आणि पक्षकार तो वाचतो. तरुण लिपिक बहुधा स्वतः पैसे मागून घसरत नाही. तो घसरतो ते नक्कल लवकर मिळाल्याच्या आनंदात कुणी स्वतःहून नोट पुढे केली तेव्हा, कारण संकोचाने तो नाही म्हणत नाही. नाही म्हणण्याचं वाक्य आधीच तयार ठेवा: “काका, सरकार मला याचाच पगार देतं. नक्कल नीट तपासून घ्या तेवढी.”

वकिलांशी संबंध चांगले हवेत, पण सर्वांशी सारखे. एकाची फाइल वर काढलीत तर दुसऱ्याला पाच मिनिटांत कळतं. न्यायाधीशांच्या कक्षात काय बोलणं झालं, निकाल कुणाच्या बाजूने टाइप होतोय, हे घरीसुद्धा बोलायचं नाही.

चार्ज देताना

बदलीचा आदेश आला की लोक निरोप समारंभाच्या तयारीला लागतात आणि चार्जची यादी शेवटच्या तासात होते. उलट करा. प्रलंबित फायली मोजून यादीशी जुळवा. वकिलांना पाहायला दिलेल्या, उच्च न्यायालयाने मागवलेल्या फायली वेगळ्या लिहा, कुठल्या पत्राने गेल्या त्या जावक क्रमांकासह. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालंय, त्यामुळे तिथली रेकॉर्ड मुंबईला गेली की कोल्हापूरला हे मुद्दाम नोंदवा. मुद्देमाल, कॅव्हेट आणि जामीनदारांचं रजिस्टर समोरासमोर द्या. जी फाइल सापडत नाही तिच्यापुढे ‘सापडत नाही’ असं स्पष्ट लिहा आणि अधीक्षकांना लेखी कळवा. आणि जिथे चार्ज घेताय तिथेही प्रत्यक्ष मोजल्याशिवाय यादीवर सही करू नका, आधीचा लिपिक तुमचा कितीही चांगला मित्र असला तरी.